सणाच्या दुसऱ्या दिवशीचा तास

पोळ्याच्या आठवड्यात भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत डोकावलात तर पहिलीच्या वर्गात कागदी बैल लटकलेले दिसतात, दारावर तोरण असतं आणि फळ्यावर रंगीत खडूनं ‘पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ असं लिहिलेलं असतं. अक्षर सुरेख असतं. मॅडमनी जेवणाची सुट्टी त्यात घातलेली असते. पण वर्गातल्या किती मुलांनी ते वाचलं? ‘हार्दिक’ हा शब्द ऑगस्टातल्या पहिलीच्या मुलाला वाचता येण्याजोगा नाही आणि त्याच्या घरी तो कुणी बोलतही नाही. सण संपतो, फळा पुसला जातो आणि वर्षातली वाचनाची सगळ्यात सोपी संधी हातातून जाते.

हा लेख पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांसाठी आहे. सणांच्या निमित्तानं वर्गानं मिळून वाचायचं, म्हणजे सहवाचन करायचं, ते कसं, याबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याचा गाभा एवढाच: सहवाचनाचा तास सणाच्या आदल्या दिवशी घेऊ नका, सणानंतर शाळा भरेल त्या दिवशी घ्या. आदल्या दिवशी मुलाकडे उत्साह असतो, शब्द नसतात. दुसऱ्या दिवशी ते शब्दांनी भरून आलेलं असतं. कुणाचा बैल बुजला, कुणाच्या नंदीचं चाक निखळलं, कुणाला बोजाऱ्यात किती रुपये मिळाले, हे सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. तेच कागदावर मोठ्या अक्षरात उतरवा. जे आपण स्वतः आत्ताच बोललो ते तिथं लिहिलेलं आहे, हे कळणं म्हणजे वाचन शिकण्याची निम्मी वाट.

सहवाचनाची कल्पना मुळात घरातली आहे. आईच्या किंवा आजोबांच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला आवाजही ऐकू येतो आणि पानही दिसतं, म्हणून ते हळूहळू दोन्ही जोडायला लागतं. न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी 1979 साली ‘द फाउंडेशन्स ऑफ लिटरसी’ या पुस्तकात ही मांडी वर्गात कशी आणायची ते मांडलं. पुस्तकच इतकं मोठं करायचं की मागच्या मुलालाही अक्षर दिसावं, शिक्षकानं शब्दाखाली काठी धरून वाचायचं आणि मुलांनी जमेल तिथं सूर मिसळायचा. आपल्या बहुतेक मुलांच्या घरी गोष्टीचं पुस्तक नसतं, त्यामुळे ही मांडी त्यांना शाळेतच मिळायची असते. आजी गोष्ट सांगते, पण तिच्या हातात पान नसतं. पान देणं हे आपलं काम.

आता पोळ्यापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि पोळा येईपर्यंत पहिलीच्या मुलाला थोडीशी अक्षरं ओळखू यायला लागलेली असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर पूर्णपणे मुलांचाच. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी आखरावर जमले, आज लाकडी नंदी घेऊन पोरं दारोदार फिरणार. त्यानंतर शाळा भरली की सगळ्यांना गोल बसवा आणि एकच प्रश्न विचारा, तुझा बैल कसा होता? मुलं बोलतील ती वाक्यं फळ्याच्या कोपऱ्यात पटापट टिपून घ्या. त्यातून सहा-सात ओळींचा मजकूर जुळवा, तोही मुलांसमोरच. साधारण असा होईल:

बैल आला.
बैल नटला.
शिंगाला रंग.
गळ्यात घुंगरू.
पाठीवर झूल.
माझा बैल लाकडी.
त्याला चार चाकं!

शेवटची ओळ एखाद्या मुलाच्या तोंडची असली पाहिजे. तिच्यावर वर्ग हसतो, आणि हसू येणारी ओळ मुलं पुन्हा पुन्हा वाचायला मागतात.

हा मजकूर कशावर लिहायचा? तक्त्याचा कागद चांगलाच, पण तो आठवड्यात फाटतो. गावात वाढदिवसाचे आणि सणांच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात आणि उतरवले जातात. त्यांची मागची बाजू बऱ्याचदा पांढरी असते. धुऊन, कापून घेतलीत तर जाड मार्करनं त्यावर उत्तम लिहिता येतं आणि ती पावसाळी ओलीतही टिकते. अक्षर दोन ते अडीच इंच उंच काढा. दोन शब्दांत चार बोटांची जागा सोडा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण देवनागरीत शब्दाला शब्द म्हणून बांधते ती शिरोरेखा. घाईत लिहिताना एका शब्दाची रेघ पुढच्या शब्दाला टेकली की ‘पाठीवर झूल’ हा मुलाच्या डोळ्यांना एकच लांबलचक शब्द दिसतो. एका ओळीत एकच वाक्य लिहा. चित्र काढायचं तर खाली किंवा बाजूला काढा, अक्षरांच्या मागे रंगवू नका.

वाचताना हातात बांबूची बारीक कामडी घ्या, टोकाला कागदी बैल चिकटवला तर आणखी छान. कामडी शब्दाच्या खालून सरकवा, प्रत्येक अक्षरावर ठोकू नका. ‘शिंगाला’ मधली वेलांटी आधी दिसते आणि ‘श’ नंतर. अक्षराअक्षरावर टोक ठेवत गेलात तर मूल नेमकं तिथं गोंधळतं. पूर्ण शब्दाखाली टोक न्या आणि पूर्ण शब्द नेहमीच्या बोलण्याच्या सुरात म्हणा. सूर ओढून, हेल काढून वाचायची जी शाळकरी सवय आहे ती आपल्याच वाचनातून मुलांत उतरते.

पहिल्या दिवशी तुम्ही दोनदा वाचा, मुलं ऐकतील आणि आपोआप साथ देतील. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून वाचा, मग मुली, मग मुलं, मग खिडकीजवळची ओळ. तिसऱ्या दिवशी मजा सुरू होते. एका शब्दावर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि तिथं थांबा. ‘गळ्यात ...’ सगळे ओरडतील ‘घुंगरू!’ मग विचारा, घंटा का नाही? गळ्यात घंटाही असते की. चिठ्ठीची पहिली बाजू किंचित उचला, ‘घुं’ दिसू द्या. ‘घंटा’ आणि ‘घुंगरू’ दोन्ही ‘घ’नं सुरू होतात, पण उकार बघून मूल ठरवतं. अर्थावरून अंदाज बांधायचा आणि अक्षरावरून तो तपासायचा, हे वाचकाचं काम ते इथं शिकतं.

पोळ्याच्या शब्दांकडे नीट बघा. शिंग, रंग, घुंगरू, बाशिंग, नंदी. अनुस्वार शिकवायला याहून चांगली यादी कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळेल? मी अनुस्वाराचा वेगळा धडा घेतच नाही, पोळ्याची वाट बघते. मुलांना म्हणते, ज्या शब्दाच्या डोक्यावर टिंब आहे त्याखाली काठी ठेवा. दुसरीची मुलं त्याच तक्त्यावर ‘पोळा, गोळा, डोळा, काळा’ असे जुळणारे शब्द शोधून लिहितात. त्यांना पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या यमक जुळवलेल्या ओळी, ठाऊक असतातच, तेव्हा यमक जुळवून स्वतःच्या दोन ओळी रचायला सांगितल्या तर ती मागे राहत नाहीत. दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसतात, तिथं हे फार सोयीचं पडतं. तक्ता एकच, काम वेगवेगळं.

चौथ्या दिवशी ओळी वेगळ्या पट्ट्यांवर लिहून आणा आणि मुलांना क्रम लावायला द्या. पाचव्या दिवशी अभिनय. रोज पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. त्याहून ताणू नका, आणि मुलांचे डोळे तक्त्यावरून हटले की थांबा. एक सावधगिरी मात्र हवी. तिसऱ्या दिवसापर्यंत मजकूर पाठ होतो आणि मुलं छताकडे बघत तो घडाघडा म्हणतात. पाठ होणं वाईट नाही, ती पहिली पायरी आहे. पण तिथंच समाधान मानू नका. कामडी मधल्याच एखाद्या शब्दाखाली ठेवून विचारा, हा कोणता? ज्याला सांगता येत नाही ते मूल ओळ सुरुवातीपासून बोट ठेवत म्हणत येतं आणि त्या शब्दावर पोचतं. त्याला पोचू द्या, शेजाऱ्याला सांगू देऊ नका. त्या क्षणी ते खरंच वाचत असतं.

इथं आपल्या भागातला मोठा प्रश्न येतो. साकोली, लाखनी, लाखांदूरकडचं मूल घरी ‘पोळा’ म्हणत नाही, ‘पोरा’ म्हणतं. डोळ्याला डोरा म्हणतं, पाण्याला पानी. झाडीबोलीत ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीतच, हे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचून मांडलं आहे. तुमसर-मोहाडीकडे कित्येक घरांत पोवारी बोलतात. मग तक्त्यावर ‘पोळा’ लिहिलेलं असताना मुलानं ‘पोरा’ वाचलं तर ती चूक धरायची का? माझं स्पष्ट मत आहे, धरायची नाही. त्यानं अक्षरं ओळखली, शब्द ओळखला, अर्थ ओळखला आणि आपल्या जिभेनं उच्चारला. ‘पोळा’ ऐवजी त्यानं ‘सण’ म्हटलं असतं तर ती वाचनातली चूक, कारण तेव्हा त्यानं अक्षराकडे बघितलंच नसतं. हा फरक शिक्षकाला कळला नाही तर मूल तोंड मिटून बसतं, आणि मिटलेलं तोंड पुन्हा उघडायला वर्ष जातं.

लिहिताना मी एक रीत ठेवली आहे. शब्द मुलाचा, लेखन प्रमाण. म्हणजे मुलानं ‘पानी’ म्हटलं तर मी ‘पाणी’ लिहिते आणि वाचून दाखवताना ‘पाणी’ म्हणते, पण ‘जल’ लिहीत नाही. आखर हा शब्द असेल तर आखरच राहतो, त्याचं ‘मोकळं मैदान’ होत नाही. बोजारा हा बोजाराच. आणि वर्षातून दोन-तीन तक्ते तरी जसेच्या तसे झाडीबोलीत लिहावेत, आजीनं सांगितलेलं असेल तर नक्कीच. न्यूझीलंडमध्येच सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या बाईंनी माओरी मुलांना शिकवताना याहून पुढचं पाऊल टाकलं होतं. त्या रोज प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? मूल ‘भूत’ म्हणो की आणखी काही, तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. जो शब्द मुलाच्या मनातून आला तो एकदा बघून लक्षात राहतो आणि पुस्तकातून आलेला दहादा बघूनही राहत नाही, असा त्यांचा अनुभव त्यांच्या ‘टीचर’ या 1963 च्या पुस्तकात आहे. पोळ्यानंतर शाळा भरली की प्रत्येक मुलाला त्याच्या बैलाचं नाव कार्डावर लिहून द्या आणि बघा.

पोळ्यानंतर गणपती, मग भुलाबाई. ज्या गावात अजून मुली भुलाबाई मांडतात तिथं शिक्षकाला आयतं धन मिळतं. भुलाबाईची गाणी रचनेनंच सहवाचनासाठी घडलेली आहेत. एक ओळ पुन्हा पुन्हा येते, दर खेपेला एखादाच शब्द बदलतो, एका गोष्टीतून दुसरी निघत जाते. मुलींना सांगा, तुमच्या आजीकडून एक गाणं आणा. त्यांनी म्हटलेलं लिहून घ्या आणि बदलणारा शब्द वेगळ्या रंगात लिहा. पण मला त्याहून आवडतो तो खिरापतीचा खेळ. गाणी झाली की डबा झाकलेला असतो आणि आत काय आहे ते ओळखायचं असतं. हाच खेळ अक्षरांचा करा. एका पट्टीवर ‘आजची खिरापत: ...’ असं लिहा, खाऊचं नाव कागदाखाली झाका आणि कागद एकेक अक्षर सरकवा. ‘चि’ दिसलं की मुलं चिवडा, चिक्की, चिंच असं ओरडतात. ‘चिव’ दिसलं की चिवडाच उरतो. मग डब्यातला चिवडा खरोखर वाटा. मुलगे बाजूला बसून राहतील असं वाटतं, पण खिरापत ओळखायला ते सगळ्यात पुढे असतात. शब्द निवडताना जोडाक्षराचा एखादाच ठेवा, बाकी केळी, पेरू, गूळ, पोहे असे सोपे.

दसऱ्याच्या सुमारास वर्गातली बरीच मुलं नागपूरला जाऊन आलेली असतात. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि इथून साठेक किलोमीटरवरच्या दीक्षाभूमीला जाणं हे आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांचं वर्षाचं जाणं आहे. त्या मुलांकडून प्रवासाचा तक्ता करून घ्या. बसमध्ये कोण होतं, शिदोरीत काय होतं, स्तूप केवढा होता. इतर मुलं त्यावर प्रश्न विचारतील, आणि प्रश्नही लिहून ठेवा, कारण प्रश्नचिन्ह शिकवायची ती योग्य वेळ. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. त्या दिवशी नवीन काही उभं करण्याची गरज नाही, हाच तक्ता मुलांनी पाहुण्यांना वाचून दाखवावा.

दीक्षाभूमीचं हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. वर्गात पोळ्याचा, गणपतीचा, दिवाळीचा तक्ता झाला आणि एखाद्या मुलाच्या घरचा सण कधी आलाच नाही, तर त्याला कळतं. ईद आपल्या तारखेनं दरवर्षी मागे सरकते, तेव्हा कॅलेंडर बघून आधीच खूण करून ठेवा. गोंड, हलबा घरांतून येणाऱ्या मुलांना विचारा की तुमच्याकडे आता काय असतं. मजकूर पूजेच्या विधीवर न ठेवता घरात काय शिजलं, कोण आलं, कुठं गेलो, यावर ठेवला की तो सगळ्या वर्गाला आपला वाटतो. तरीही एखादं मूल ‘आमच्याकडे नसतं’ म्हणालं तर तेही वाक्य तक्त्यावर यावं.

आता माझा सर्वांत आवडता विषय, मंडई. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडते तेव्हा हा मोसम चालूच असतो आणि मंडईच्या दुसऱ्या दिवशी पेंगुळलेली मुलं वर्गात येतात. अनेक शिक्षक त्या दिवशी वैतागतात. मी म्हणते, त्या दिवशी पुस्तक बंदच ठेवा. मंडईसारखा छापील मजकूर वर्षात दुसऱ्यांदा मुलांच्या वाट्याला येत नाही. नाटकाचं पोस्टर, ‘गरम जिलेबी’ची पाटी, पानठेल्यावरचं नाव, आकाशपाळण्याच्या तिकिटाचा दर. दिवाळीच्या सुट्टीत दिलेल्या दहा पानी शुद्धलेखनाऐवजी एवढंच सांगा की मंडईत दिसलेले तीन शब्द चिठ्ठीवर उतरवून आणा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

त्या चिठ्ठ्या फळ्यावर चिकटवून वाचा. मग गावातल्या भिंतीवरचं नाटकाचं जुनं पोस्टर मागून आणा आणि वर्गासमोर टांगा. त्यात जोडाक्षरं भरपूर असतात, पहिलीला सगळं वाचता येणार नाही, येऊही नये. पण गावाचं नाव शोधा, वार शोधा, तारीख शोधा, आकडे शोधा. ज्या मुलाला पाठ्यपुस्तकाचं पान ओझं वाटतं ते इथं गर्दीतून पुढे घुसतं. पुढच्या दिवशी सगळे मिळून आपल्या वर्गाच्या खोट्या नाटकाचं पोस्टर बनवा, कलाकार म्हणून मुलांचीच नावं. स्वतःचं आणि मित्राचं नाव वाचण्यासाठी पहिलीचं मूल किती धडपडतं, ते त्या आठवड्यात दिसेल.

मंडईचा तक्ताही करा, पण यात एक शब्द बदलता ठेवा:

आज आपल्या गावची मंडई.
मामा आला.
मावशी आली.
आत्या आली.
पाहुणेच पाहुणे!

पाहुण्यांचे शब्द सुट्या कार्डांवर लिहा आणि प्रत्येक मुलाला आपल्या घरी आलेल्याचं कार्ड लावून ओळ वाचायला सांगा. काका, आजी, ताई, भाऊ. ‘आला’ की ‘आली’ हे मुलं कानानं बरोबर ठरवतात, मग डोळ्यांनी बघतात की फक्त शेवटची मात्रा बदलली आहे. मंडई, ताई, आई, भुलाबाई या शब्दांच्या शेवटी सुटा ‘ई’ येतो, हे एखादं मूल स्वतः दाखवील. न दाखवलं तर डिसेंबरात तुम्ही दाखवा.

संक्रांत, 3 जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, 26 जानेवारी, गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा हे सगळं याच वाटेनं जातं, त्यावर वेगळं लिहीत नाही. 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीपर्यंत मात्र रीत उलटलेली असावी. तोवर शिक्षकानं लिहिणं कमी आणि मुलांनी लिहिणं जास्त. बाबासाहेबांनी 1954 साली लोकसभेची पोटनिवडणूक आपल्या भंडाऱ्यातून लढवली होती, हे दुसरीच्या मुलांना सांगितलंत की ती डोळे विस्फारून ऐकतात. ‘ते आपल्या भंडाऱ्यात आले होते’ हे वाक्य मग तीच लिहितात.

वरिष्ठांनी विचारलं की हे अभ्यासक्रमात कुठं बसतं, तर संकोचू नका. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा हेतूच तिसरीपर्यंतच्या मुलानं समजून वाचावं हा आहे, आणि ही रोजची पंधरा मिनिटं नेमकी त्यासाठीच आहेत. तयार पुस्तकंही जोडीला हवीतच. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात आणि शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर पान भिंतीएवढं करता येतं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं शाळेच्या कपाटात असतील तर ती कुलपातून बाहेर काढा. पण आपल्या वर्गानं लिहिलेल्या तक्त्याची जागा कुठलंही छापील पुस्तक घेऊ शकत नाही, कारण त्यात मुलाच्या बैलाचं नाव नसतं.

आठवडा संपला की तक्त्यातला मजकूर वहीच्या अर्ध्या पानावर लिहून किंवा झेरॉक्स काढून घरी द्या. ज्या आईला वाचता येत नाही तिला सांगा की फक्त ऐका, दोनदा ऐका. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत तिला तेवढाही वेळ नसतो, तेव्हा आजी, मोठी बहीण, शेजारचं कुणीही चालेल.

तक्ते टाकून देऊ नका. फ्लेक्सवरचे गुंडाळून, तारीख आणि सणाचं नाव बाहेरून लिहून कपाटावर ठेवा. घडी घालू नका, घडीवर शाई उडते. पुढच्या जूनमध्ये नवी पहिली येईल तेव्हा पोळ्याला अजून दोन महिने असतील आणि त्या मुलांकडे शब्द असतील पण अक्षरं नसतील. तेव्हा मागच्या वर्षीचा पोळ्याचा तक्ता काढून भिंतीला लावा आणि कामडी तुमच्या हातात घेऊ नका. ती दुसरीत गेलेल्या मुलाच्या हातात द्या, शक्यतो त्याच्या, ज्यानं गेल्या वर्षी ‘त्याला चार चाकं’ ही ओळ सांगितली होती.